हुमणीची पावडर आणि अधिकृत खुलासा

९ जून, सोमवार
जनसंपर्क कक्षातला पहिला महिना संपला. ही वही कुणाला दाखवायची नाही, म्हणून खरं लिहिते. या विद्यापीठात बाहेर जाणारं वाक्य तपासून बघणारी मी एकटीच आहे. आमचे जनसंपर्क अधिकारी राधाकृष्ण सर माणूस भला, पण प्रेसनोटवर न वाचता सही करतात. म्हणाले, प्रार्थना, तू वाचलीस ना, मग मी कशाला डोळे फोडू. हा विश्वास की आळस, अजून ठरवलेलं नाही.
संकल्प दोन. पत्रकारांशी स्नेहाचे संबंध ठेवायचे. त्यांना एकही चुकीचं वाक्य छापू द्यायचं नाही.

११ जून
कीटकशास्त्राच्या डॉ. ज्योती कराळे मॅडमनी हुमणीवर बुरशीची पावडर तयार केली आहे. हुमणी म्हणजे उसाच्या मुळ्या खाणारी अळी. कुंड्यांमध्ये अळ्या मेल्या. शेतात अजून काहीच केलेलं नाही. शेवगावजवळचे गोरक्षनाथ म्हणून शेतकरी आहेत, ते चाचणीसाठी एक एकर ऊस देणार आहेत. या पावसाळ्यात चाचणी झाली नाही तर मार्चमध्ये मॅडमचा प्रकल्प बंद. मॅडम म्हणाल्या, छोटीशी बातमी येऊ दे गं, वरच्यांना दिसलं पाहिजे.
छोटी म्हणजे किती ते सांगितलं नाही. दोन पानं लिहिली. शेवटच्या परिच्छेदात स्वच्छ म्हटलं, प्रयोग फक्त कुंड्यांत झाला आहे.

१३ जून
'दैनिक भुईकोट', पान तीन. 'हुमणीचा खात्मा! विद्यापीठाची जादुई पावडर.' खाली 'आमच्या प्रतिनिधीकडून'. सगळी वाक्यं माझी. शेवटचा परिच्छेद गायब. 'जादुई' माझं नाही.
दुपारी तिसगावहून फोन. ताई, चार पोती बाजूला काढून ठेवा, टेम्पो पाठवतो. त्यांना कुंडी आणि शेत यांतला फरक नीट समजावला. बराच वेळ समजावला. शेवटी म्हणाले, न्हाई तर न्हाई म्हना की बाई, हितं म्हैस वरडतीय माजी.
या सगळ्याचा दोषी एकच. सुनील, भुईकोटचा वार्ताहर.

१४ जून
प्रेसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुनीलला त्याच्या सगळ्या चुका क्रमाने पाठवल्या. भाषा सभ्य. 'बेजबाबदार' एकदाच. त्याने जोडलेले हात पाठवले. बाकीच्यांनी हसून हसून रडणारे चेहरे. म्हणजे सुनीलवर परिणाम झाला. इतरांवर अजून काम करावं लागेल.

१५ जून, रविवार
चर्चमधून आल्यावर पप्पांना सगळं सांगितलं. पप्पांनी मला चौथीपर्यंत भिंगारच्या घरातच शिकवलं, शाळेत काहीही शिकवतात म्हणून. माझ्या प्रत्येक वाक्याला त्यांचा एकच प्रश्न असायचा, हे तू स्वतः पाहिलंस का? 'सूर्य पूर्वेला उगवतो' हे वहीत लिहिण्याआधी मला पहाटे गच्चीवर उभं केलं होतं.
आज मात्र म्हणाले, पोरी, त्या मुलाच्या मागे का लागलीस? त्यालाही वरून कुणीतरी झापत असेल.
वय झालं पप्पांचं.

१८ जून
तीन खुलासे पाठवले, एकही छापला नाही. मग स्वतः भुईकोटच्या ऑफिसात गेले. सुनील म्हणाला, मॅडम, मी पूर्ण पाठवली होती. पान लावणारा जागा संपली की खालून कापतो. वाचत बसला तर पेपर दुपारी निघेल. मग म्हणाला, बसा ना, मिसळ सांगतो.
मिसळ! लाच द्यायची तीही एका प्लेटची. उभीच राहिले. मागे कुणीतरी म्हणालं, सुन्या, खुलासाबाई आल्या का रे. ऐकू न आल्यासारखं केलं.
पण येताना रिक्षात डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खालून कापतात. मग महत्त्वाचं वर घालायचं. इतक्या वर्षांत हे कुणालाच कसं सुचलं नाही?

२३ जून
राधाकृष्ण सर भाच्याच्या लग्नाला रजेवर. कक्ष माझ्या हाती. 'अधिकृत खुलासा' पाठवला. सुरुवातीलाच सगळ्या मर्यादा. शेतात चाचणी नाही. बुरशी उन्हात मरू शकते. पाऊस जास्त झाला तर वाहून जाऊ शकते. खर्चाचा हिशोब झालेला नाही. असं बरंच. पावडरीचं जे काही चांगलं आहे ते शेवटी.
आता कापा म्हणावं.

२४ जून
कापलं.
'हुमणीच्या पावडरीचा फुगा फुटला; विद्यापीठाचीच कबुली.' खाली माझ्या सगळ्या मर्यादा, काना-मात्रा न बदलता. त्या संपल्या तिथे जागा संपली.
बातमी म्हणून पाहिलं तर निर्दोष. एकही वाक्य खोटं नाही. ज्योती मॅडमनी फोन केला. म्हणाल्या, तू पगार विद्यापीठाचा घेतेस की औषधं विकणाऱ्या कंपन्यांचा? मी शांतपणे विचारलं, मॅडम, यातलं कुठलं वाक्य चुकीचं आहे? त्यांनी फोन आपटला. म्हणजे उत्तर नव्हतं.

२६ जून
गोरक्षनाथांनी कळवलं, ऊस देणार नाही. पेपर वाचला म्हणे. मॅडम प्रयोगशाळेचं दार लावून बसल्या आहेत. सर परत आले. म्हणाले, मी एका लग्नाला गेलो तर तू इकडे दिवस घातलेस.
मला दोष देणं सोपं आहे. पण चाचणी वाचवायची तर कुणीतरी शेवगावला जायला हवं. कुणी सांगितलं नाही, तरी मीच जाणार.

२ जुलै
एसटीने शेवगाव, तिथून पुढे वस्तीपर्यंत चिखल तुडवत. गोरक्षनाथांनी खाट टाकली. त्यांच्या पत्नी राहीबाईंनी चहा दिला. वातावरण अनुकूल. गोरक्षनाथ म्हणाले, मॅडमचा कालच फोन आल्ता, लई गयावया करत हुत्या, बघू म्हनलो.
होकार जवळजवळ आलाच होता. पण अर्धवट माहितीवर घेतलेला होकार मला चालत नाही. म्हणून सगळं सांगितलं. पावडर लागू पडेलच असं नाही. ऊस गेला तर भरपाईची तरतूद नाही. जनावरांना त्रास होतो असा पुरावा नाही, पण होत नाही असाही अभ्यास झालेला नाही.
गोरक्षनाथांनी गोठ्याकडे पाहिलं. राहीबाई आतून म्हणाल्या, ही बाई जमीन मागाया आलीय का सोयरीक मोडाया? गोरक्षनाथ म्हणाले, ताई, तुमी आल्या ते लई बरं झालं, मी आज हा म्हननार हुतो.
परतताना मन शांत. निर्णय नकाराचा आहे, पण पूर्ण माहितीवर आधारलेला आहे. सॅंडल गेली.

१० जुलै
सुनीलचा फोन. मॅडम, शेवगावच्या चाचणीचं काय झालं? मी म्हटलं, माहिती लेखी मागा, लेखी मिळेल. तो म्हणाला, गोरक्षनाथ आमच्या शेजारच्या गावचेच आहेत, बरं, मी बघतो.
काय बघणार? धमकी म्हणून नोंद करून ठेवली.

८ ऑगस्ट
कीटकशास्त्र विभागात फार चांगला बदल झाला आहे. मी आत गेले की सगळे गप्प होतात. बोललेच तर डब्यातल्या भाजीबद्दल. ज्योती मॅडमच्या बुटांना चिखल होता. कुठे गेला होतात विचारलं, तर म्हणाल्या माहेरी. माहेर पुण्यात, सदाशिव पेठेत.
पण मुद्दा तो नाही. हे लोक आता जबाबदारीने बोलायला शिकले. दोन महिन्यांत. कुणी श्रेय देणार नाही, मला नकोही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
सकाळी भुईकोट उघडला. पान एक. 'हुमणीवरच्या पावडरीची शेवगावला चाचणी.' खाली सुनीलचं नाव.
पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय, पहिले निकाल आशादायक आहेत, पण एकाच शेतातले आहेत, इतर शेतकऱ्यांनी इतक्यात घाई करू नये. मर्यादा आहेत. आकडे बरोबर आहेत. बुरशीचं नावसुद्धा बरोबर आहे. लाल पेन घेऊन पुन्हा वाचलं. टोपण लावून ठेवलं.
राधाकृष्ण सरांना विचारलं, हे कधी झालं? सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, जुलैतच. सुनील गोरक्षनाथांकडे जाऊन बसला. म्हणाला, काका, सगळा ऊस नका देऊ, अर्ध्या एकरात पावडर टाका, अर्धा नेहमीसारखा ठेवा, आणि तुमचं तुम्हीच बघा. गोरक्षनाथांना पटलं. अट एकच घातली, त्या बाईस्नी कळू द्यायचं न्हाई.
मी विचारलं, कुठल्या बाई?
सरांनी समोरची प्रेसनोट ओढून चक्क वाचायला घेतली.
अकरा वाजता कुलगुरूंनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर तोच पेपर. खुशीत होते. म्हणाले, बातमी अशी पाहिजे, ना फुगवलेली, ना रडकी. कुणी करून घेतली? सर म्हणाले, आमच्या प्रार्थनाने.
कुलगुरू माझ्याकडे वळले. शाब्बास म्हणाले.
सांगायचं सगळं क्रमाने तयार होतं. बातमी माझी नाही. चाचणी माझ्यामुळे नाही, मला चुकवून झाली. पहिला मुद्दा तर अगदी ओठांवर आला होता.
थँक्यू सर, मी म्हणाले.
चहा आला. बिस्किटही घेतलं.