विमलबाईचा पुकारा

६ जानेवारी, सोमवार. गेवराई.

फी घ्यायची कॉलेजनं अन् शिकवायचं दुसऱ्याच्या दारात, याला काय म्हणावं? आमची नात आरोही संभाजीनगरला वकिलीचं शिकती. आता कॉलेजनं फर्मान काढलं, की महिनाभर खऱ्या वकिलाच्या हाताखाली राबा, रोज काय केलं ते वहीत लिवा, खाली वकिलाची सही आणा, तवा चार क्रेडिट मिळतील. क्रेडिट म्हणजे काय गं, तर म्हणली, आज्जी, मार्कांचे भाऊबंद. ते न्हाई मिळाले तर वर्ष गेलं. फुकट राबायचं अन् वर सहीसाठी पाया पडायचं! आमच्या ऊसतोडीच्या मुकादमाला ही अक्कल अजून सुचली न्हाई, नशीब आमचं.

असो. जय भीम.

पोरगा अन् सून तोडीला कोल्हापूरकडं गेलेत. तरणी पोर परगावी एकटी कशी ठेवावी, म्हणून आष्टीकडनं बोचकं बांधून मी आले. पोरीनं वह्या दोन आणल्या, एक मला दिली. म्हणली, दिवसभर भिंतीशी भांडण्यापरीस लिवत जा. चौथीपत्तुर शिकलेय, लिवते.

उत्तरेश्वर वकिलाच्या हापिसामागची खोली मिळाली. पुढं हापिस, मदी फरशीचं अंगण, अंगणात पाण्याची टाकी, मागं आमी. नळ हाय, वारा हाय, कोर्ट रस्त्याच्या पल्याड. लई बेस जागा. पोरगी पांढरा ड्रेस घालून आरशाम्होरं फिरली. बगळ्यावानी दिसतीस म्हणलं. पण आमच्या घरातला पयला वकील हाय. बगळा तर बगळा.

८ जानेवारी, बुधवार.

आज कोर्ट बघून आले. दारात पट्टेवाला उभा राहून नाव पुकारतो. तिसऱ्या पुकाऱ्याला ओ दिली न्हाई, की माणूस गैरहजर. वकील एक अन् कोर्टं दोन, म्हणून उत्तरेश्वररावानं आरोहीला काम लावून दिलंय. त्याच्या पक्षकाराचं नाव आलं की हिनं पळत जाऊन ‘हजर’ म्हणायचं अन् वकील येईपत्तुर वेळ मागायचा. पोरगी एवढी उतावीळ, की नाव पुरतं ऐकतबी न्हाई. पुकारा झाला की हजर. वकिलाचा म्हातारा कारकून आश्रुबा हसून म्हणला, सरूबाई, नातीच्या पायात घुंगरं बांधा. म्या म्हणलं, तुमच्या वकिलाच्या बांधा, कुठं उलथलाय ते तरी कळंल.

दुपारच्या सुट्टीत खोलीवर जेवत होतो. भाईर पुकारा झाला, विमलबाई त्रिंबक म्हणून. पोरीच्या तोंडात घास. तिसऱ्या पुकाऱ्याला घासासकट ‘हजर’ म्हणली अन् पळाली. लगेच माघारी आली. अंगणात कुणी नव्हतं. म्या म्हणलं, कोर्टातनं आला असंल आवाज. ती म्हणली, आज्जी, सुट्टीत कोर्टात पुकारा होत न्हाई.

भाकरी तशीच ठेवली तिनं.

११ जानेवारी, शनिवार.

दुसरा शनिवार, कोर्टाला कुलूप. तरी दुपारी पुकारा झालाच, अन् अंगणातच, टाकीपाशी. मी भांड्याचं पाणी घेऊन उभी होते, तेच भिरकावलं. सगळी फरशी भिजली. टाकीजवळ बाईमाणूस बसल्याएवढी जागा कोरडी राहिली.

आतनं आरोही ‘हजर’ म्हणली. झोपली होती ती.

आमी बौद्ध माणसं, भूतखेत मानत न्हाई. असलं काही निघालं, तर सासू माझी झाडू घेऊन उठायची. म्हणून देवऋषी न बघता सरळ आश्रुबाला धरलं.  तो म्हणला, विमलबाई वकीलसाहेबांचीच पक्षकार. दिरानं जमीन दाबली होती. साहेबांनी बजावलं होतं, पुकारा झाला की तुझ्या वतीनं मी हजर म्हणन, तू तोंड उघडायचं न्हाई. तारखेच्या दिवशी साहेब बीडला सत्कार घ्यायला गेलते. बाई कोर्टाच्या दारातच होती, पुकारा ऐकत होती. सांगितल्यापरमानं गप बसली. दावा गेला. मग हापिसावर येऊन टाकीपाशी वकिलाची वाट बघत बसली. संध्याकाळी आश्रुबानं उठवायला हात लावला, तर बाई थंडगार.

पोरीला यातलं काही सांगितलं न्हाई.

१३ जानेवारी, सोमवार.

आरोहीला हाका मारल्या. वळली न्हाई. म्होरं जाऊन उभी राहिले, तरी मला बघंना.

वहीत सहीच्या जागी तिनं निळा अंगठा उठवलाय. अंगठा कशापायी गं, म्हणलं. तर म्हणली, मला कुठं लिवता येतंय, बाई. मला बाई म्हणली. विमलबाई म्हणून हाक मारून बघावी असं मनात आलं. मारली न्हाई. वळली असती तर?

उत्तरेश्वररावाकडं गेले. म्हणलं, ज्यानं ओ द्यायची त्यानं दिली न्हाई, म्हणून ती बाई अजून पुकाऱ्याला बसलीय. दुपारी अंगणात उभं ऱ्हावा अन् तिच्या नावाला हजर म्हणा. तो हसला. म्हणला, आजीबाई, तुमच्यात असलं मानत न्हाईत ना? पोरगी न्यायची तर न्या, पण महिना भरल्याबिगर मी सही करणार न्हाई, चार क्रेडिट विसरा. हसताना त्याची नजर टाकीकडं जाईना. सगळीकडं जात होती, तिकडं न्हाई.

वर्ष जाऊ दे म्हणलं, पोर राहू दे. बोचकं बांधलं.

१५ जानेवारी, बुधवार.

काल सणामुळं गाडीत पाय ठेवायला जागा न्हाई. आज नेली. एसटीत खिडकीपाशी बसवली. गाडी सुटायच्या आत स्टँडवरचा भोंगा — गाड्या पुकारतात तो — त्यातनं विमलबाई त्रिंबक. कुणीच मान वर केली न्हाई. पोरगी तेवढी उठली. धरली तर अंग गार, अन् माझ्या दुप्पट जोर. सरळ चालत अंगणात आली, टाकीपाशी त्याच जागेवर बसली. तोंड मिटून.

उठत न्हाई. भाकरी खात न्हाई. पोरगा-सुनेला फोन लावला, फडात रेंज न्हाई —

१६ जानेवारी.

पोरीवर बादली ओतली. भिजंना.

कोर्टात म्हणं कुणी ओ देतं अन् सुटतं. हितं जो ओ देतो, त्याला विमलबाई आपल्या जागी बसवती.

वकिलाचा फोन बंद. आश्रुबाला धाडलंय. येत नसंल तर बांधून आण म्हणलं.

दुपार झाली. वही घेऊन पोरीशेजारी बसलेय. पयला पुकारा झाला. तिचे ओठ सुटायलेत. दुसरा —

मीच म्हणले. हजर.

पोरगी रडायला लागली. आज्जी म्हणली. पाणी गळतंय तिच्या अंगावरनं. भिजली, सगळी भिजली.

मला उठता येईना. फरशी गार — बोटं निळी — आज्जी कोण, ही पोर मला सारखी आज्जी कशापायी —

आरोही, ऐक. अजून पुकारा व्हायचाय. माझ्या जागी तू ओ द्यायची न्हाई, आश्रुबानंबी न्हाई. उत्तरेश्वर वकिलाला हितं आणून उभं करा. वकीलपत्र त्यानं घेतलंय. हजर त्यानंच म्हणायचं. त्यानंच. तू तोंड उ