कळसूबाई, अर्ध्यावरून

राजूर,
सोमवार, ३० डिसेंबर १९४६

ति. सौ. वन्संच्या पायांवर दमयंतीचे डोके. तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळून घेत जा. नुसते बाटलीकडे पाहून गुडघा बरा होत नाही. अण्णांच्या खोकल्याला उतार पडला असेल. इकडे आम्ही सर्व खुशाल. पौषात सोयरिकीचे बोलू नये म्हणतात, म्हणून हे पत्र नुसते डोंगराविषयी आहे असे समजून वाचा.

तुम्ही कळवल्याप्रमाणे तुमच्या इंदूसाठी सांगून आलेले मुंबईचे स्थळ, म्हणजे विमा कचेरीतले शामकांत, कळसूबाई चढायला म्हणून शनिवारी दोन मित्रांना घेऊन कोळशावर चालणाऱ्या मोटारीने आमच्याकडे उतरले. (मोटार वाटेत बंद पडली म्हणून उतारूंनी ढकलत आणली. शामकांत ढकलणाऱ्यांत नव्हते; ‘हं, आता’ म्हणण्याचे काम त्यांच्याकडे होते.) सोबत खिळ्यांचे बूट, दोर, तंबू, थर्मास आणि वाट चुकल्यास फुंकायची शिट्टी. इंदू नाताळच्या सुट्टीत आमच्याकडे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना बेसावध पाहायचे असे आपले ठरले होते, म्हणून तिला ‘बेबी’ म्हणायचे मी घरात बजावून ठेवले होते. तुमच्या बंधूंनी पहिल्याच चहाला “इंदू, साखर आण गं,” अशी हाक मारली. शामकांत त्या वेळी सह्याद्रीविषयी बोलत होते, म्हणून निभावले. बोलताना त्यांना दुसरे काही ऐकू येत नाही.

मुंबईत जीव गुदमरतो, खरा महाराष्ट्र भाकरी-कांद्यात आहे, असे ते म्हणाले. मी भाकरी, कांदा आणि ठेचा वाढला. चतकोर भाकरी खाल्ल्यावर त्यांनी, इथे पाव मिळतो का, अशी चौकशी केली.

रविवारी सकाळी आम्ही बारी गावातून कळसूबाईला निघालो. तंबू गावच्या लंकाबाईच्या डोक्यावर होता. (डोंगरावर राहायचे नव्हते, पण तंबूशिवाय चढणे शास्त्राला धरून नाही म्हणे.) चढण लागली तसे शामकांत तिला म्हणाले, “तुम्ही डोंगरातली माणसं सुखी. गरजाच थोड्या.”

“व्हय,” लंकाबाई म्हणाली. “पन तंबू लई जड हाय, सायेब. येक दांडा तुमी घ्या की.”

त्यांनी दांडा घेतला नाही. उलट आपल्या खांद्यावरचा थर्मास काढून इंदूकडे दिला.

अर्ध्यावर उभा कातळ लागला. मित्र चढून गेले. इंदूने पदर खोचला आणि तीही खोबणीत पाय रोवत वर गेली. शामकांतांनी कातळाकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि ते खाली बसले. इथून जे दिसते ते माथ्यावरून दिसत नाही, असे त्यांचे मत पडले. तुमच्या बंधूंनाही ते तत्काळ पटले व ते शेजारी बसले. मी मात्र इंदूच्या मागे गेले. वर वारा उभे राहू देत नव्हता, खाली भंडारदऱ्याचे पाणी चकाकत होते. इंदू देवीपाशी बसून आपल्याशीच हसत होती. वन्सं, तिला दाखवायला सुरुवात झाल्यापासून मी तिला असे हसताना पाहिले नव्हते.

संध्याकाळी घरी आमचे पोस्टमास्तर भेटायला आले. शामकांत त्यांना सांगू लागले, “माथ्यावर उभा राहिलो आणि वाटलं, आता मुंबई नको.” मित्र कपात पाहू लागले. इंदूने शांतपणे विचारले, “देवीचं तोंड कुठल्या बाजूला आहे हो?”

शामकांत कानापर्यंत लाल झाले. मग पोस्टमास्तरांना म्हणाले, “मी वर गेलोच नाही. कातळ पाहून माझे पाय कापायला लागले.” पोस्टमास्तर चहा अर्धा टाकून उठले. माणूस असा आहे. बोलणे शिखराएवढे आणि पाय पायथ्याला. माझ्या मते नकार कळवावा.

तुमची,
दमयंती

ता. क. पत्र इंदूने वाचले. म्हणते, “मामी, लिहिलंय ते सगळं खरं, फक्त शेवटचं वाक्य खोड. चार माणसांत ‘मी घाबरलो’ म्हणणारा पुरुष आपल्या घरात मी तरी पाहिला नाही.” मी तुमच्या बंधूंकडे पाहिले. ते वर्तमानपत्र वाचत होते.

पुन्हा ता. क. खरे काम तर राहिलेच. वर मुद्दाम लिहिले नाही, पण आज सकाळी मोटार सुटण्याआधी इंदूने त्यांना ‘मीच ती नगरची इंदू’ असे सांगून टाकले आणि लग्नानंतर मला डोंगर चढू द्याल का, असे सरळ विचारले. (मी मोटारीचे टायर पाहत होते.) तेव्हा वरचे नकाराचे वाक्य खोडले असे समजा, आणि पौष सरल्यावर बोलणी होतील त्यात ही अट अण्णांनी स्वतःची म्हणून घालावी, असे काहीतरी करा. लेकीने परस्पर विचारले हे त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. तिकडून नकार येणार नाही. इंदूने विचारल्यावर शामकांतांना सुटल्याचा मोठा आनंद झाला. ती वर जाईल तोवर खाली बसायला सावली असेल ना, एवढेच त्यांनी विचारून घेतले.