दाढ, दोन हजार पट

३ मार्च
थंड पाणी प्यायलो. खालच्या उजव्या दाढेतून कळ थेट मस्तकात. आमच्या डेंटल कॉलेजातल्या डॉक्टर मॅडमनी बघितलं. कीड वरवरची आहे, लेझरनं दहा मिनिटांत साफ होईल, सोमवारी या म्हणाल्या. लगेच हो म्हटलं. अकरा वर्षं त्यांच्याच लॅबमध्ये उपटलेल्या दातांवर लेझर मारून मायक्रोस्कोपखाली फोटो काढतोय. मी घाबरेन?

५ मार्च
तयारी म्हणून जुने फोटो चाळले. चूक झाली. दोन हजार पट मोठा केलेला दात : मधे वितळून गोठलेला थर, कडेनं भेगाच भेगा, आटलेल्या तळ्यासारख्या. हे मुद्दाम जास्त पॉवर दिलेले नमुने, हे मला माहीत आहे. लेबलं मीच लावलीत. तरी घाम फुटला. लॅबचा पंखा बंद होता.

७ मार्च, दुपारी १२
मॅडमकडे गेलो. जिन्यापर्यंत. वरून मशीनची टिकटिक ऐकू आली आणि आठवलं, एक रिपोर्ट राहिलाय. पुढचा सोमवार नक्की.

२ मे
भीती नाही, शास्त्रीय सावधगिरी. दाताचा पृष्ठभाग एकदा बिघडला की बिघडला, असं हिला समजावलं. ही म्हणाली, दात दोन हजार पट मोठा करून बघता, भीती किती पट? बायकोशी विज्ञान बोलू नये. डावीकडून चावणं छान जमतंय.

१९ ऑगस्ट
दाढ दुखायची आपोआप थांबली! शरीर स्वतःची दुरुस्ती करतं, मी म्हणतच होतो. हिनं परस्पर मॅडमना फोन लावला. दुखायचं थांबलं म्हणजे आतली नस मेली असेल, आजच पाठवा, असं त्या म्हणाल्या म्हणे. डॉक्टर लोक उगाच घाबरवतात.

६ ऑक्टोबर, पहाटे
गाल टम्म. तोंड उघडेना. भीती वाटतेय. फार वाटतेय. इथे कोण वाचतंय, लिहून टाकतो. हिला उठवलं. हिनं थेट माझ्या चपला दाराशी नेऊन ठेवल्या. त्याची तर जास्तच भीती वाटली.

१२ ऑक्टोबर
सूज उतरल्यावर मॅडमनी दाढ काढली. मुळापर्यंत चिरली होती, वाचवायची वेळ निघून गेली म्हणाल्या. संशोधनासाठी दाढ ठेवू का, असं विचारलं. तोंडात कापूस होता. मान हलवली, सही केली.

१७ ऑक्टोबर
लॅबमध्ये नवी बाटली. नमुना क्रमांक ४१, खालची उजवी दाढ, पुरुष, वय ५१. शाबूत बाजूवर कमी पॉवरचा लेझर मारायचा होता. पॉवरचा आकडा तीनदा तपासला. बाटलीतल्या दाढेला काय दुखणार, तरी तपासला. मग मायक्रोस्कोप. दोन हजार पट. एक भेग नाही. सगळं स्वच्छ. शेरा लिहिला : पृष्ठभाग उत्तम. खाली सही केली. जीभ सारखी त्या रिकाम्या जागेत जात होती.

घरी आल्यावर हिला सांगितलं, झाला एकदाचा लेझर. दहा मिनिटं लागली. अजिबात दुखलं नाही.