दोन सेकंदांसाठी

सोमवार, दि. ९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. गच्चीची गळती थांबली. लेकीची परीक्षा संपली. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिना चढताना कठडा धरत जा.

तुझं पत्र मिळालं. तीन पानांत 'आपल्या घराचं नाव' चार वेळा आलंय आणि त्या ग्रीसवाल्याचा उल्लेख एकदाही नाही. मी त्याला इस्पितळात बघून आले. भूकंप झाला तेव्हा तो आपल्या पुलाच्या टोकाच्या खांबावर होता. रस्त्याचा पट्टा ज्या बेअरिंगवर टेकतो, तिथं ग्रीस भरत होता. आता डावा पाय गुडघ्याखाली नाही. मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. स्वतःच सांगायला लागला, "पलीकडचा मनोरा आधी हलला, ताई. तारा थरथरल्या. म्हटलं, आपल्याकडं काही नाही. मान वळवतोय तोवर पट्टा सरकून अंगावर."

दादा, हे मी सात वर्षांपूर्वी आकड्यांत लिहिलं होतं.

हजार मीटरचा, मनोऱ्यांच्या तारांनी पेललेला पूल. भूकंपाच्या लाटेला या टोकापासून त्या टोकाला जायला दोन सेकंद लागणार. आपण मात्र गणितात सगळे खांब एकाच क्षणी हलवले, चाळण हलवावी तसे. मी हट्टानं एक गणित वेगळं मांडलं, ज्या खांबाला जेव्हा लाट पोचेल तेव्हाच धक्का द्यायचा. टोकाला पट्टा बासष्ट सेंटिमीटर सरकला. आपण सोडलेली फट चाळीसची. तू पानं चाळलीस आणि हसलास. "दशांश, राईचा पर्वत करू नकोस. दोन सेकंदांसाठी सगळा आराखडा परत काढू?" चौथ्या दशांशापर्यंत भांडते म्हणून ऑफिसभर तू मला दशांश करून टाकलंस. ती पानं अहवालात गेली नाहीत.

आता लिहितोस, चौकशी समितीनं विचारलं तर 'असं गणित आम्ही केलंच नव्हतं' म्हण. तेव्हा बरेच जण करत नव्हते, म्हणजे चूक प्रघाताची, आपली नाही. डोकं तुझं पहिल्यापासून तल्लख. लहानपणी आरसा तू फोडायचास आणि आईसमोर मान खाली घालून मी उभी राहायची.

तुझा राग आहेच मला, आणि तो जाणार नाही. पण सगळं तुझ्या माथी मारून मोकळी व्हायचं म्हटलं तर तेही जमत नाही. अहवालाच्या पहिल्या पानावर 'तपासले' या शब्दापुढं सही माझी आहे. ती पानं काढून टाकल्यावर केलेली. तू धमकी दिली नव्हतीस. एवढंच म्हणालास, "पुढच्या महिन्यापासून गट तुझ्याकडे देतोय." मी पेनाचं टोपण काढलं. त्या खुर्चीत सात वर्षं मूग गिळून बसले, आणि खोटं कशाला बोलू, खुर्ची आवडलीही.

हे त्या ग्रीसवाल्याला सांगायलाच गेले होते. सफरचंदं ठेवली आणि परत आले. मी निघताना तो म्हणाला, "पुन्हा या, ताई."

बुधवारी सकाळी माझी साक्ष आहे. बासष्टची पानं मी जपून ठेवली होती, तुला ठाऊक नसेल. ती घेऊन जातेय, आणि ती असतानाही सही का केली, तेही सांगणार आहे. नोकरी दोघांचीही जाईल. माझ्या घरी मी सांगितलंय, वहिनीला तू सांग.

फोन करता आला असता. मुद्दाम केला नाही, कारण तुझा आवाज ऐकला की मी विरघळते. हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. तोवर माझी साक्ष होऊन दोन दिवस झालेले असतील. धक्का दोन्ही टोकांना एकाच वेळी बसत नाही, दादा. हे पत्र हातात धरून तरी तुला ते पटेल.

तुझी,
आणि सहीपुरती तुझ्याइतकीच दोषी,
दशांश