बिनकानाचा कप

२ मार्च
नोकरी लागली एकदाची. ठमी आठ महिन्यांची झाली आणि घरात बसून डोकं गंजेल म्हणून मीच भुणभुण लावली होती. प्रयोगशाळा लहान पण लख्ख. पाल्याचा काढा करायचा, सेलेनियमच्या क्षाराच्या पाण्यात ओतायचा आणि पाणी विटकरी होईपर्यंत वाट पाहायची. रंग आला की डोळ्यांना न दिसणारे सेलेनियमचे कण तयार झाले. पुढेमागे त्यांचं जखमा भरणारं औषध होईल, असं सर म्हणतात. शेजारी एक चंबू काढा न घालता ठेवायचा, तुलनेसाठी. तो कोराच राहिला पाहिजे. अकरा वाजता ताई, म्हणजे इथल्या सगळ्यांत जुन्या मदतनीस, चहा करतात. मला बिनकानाचा कप मिळाला. नव्या सुनेचे लाड, दुसरं काय.

९ मार्च
माणसं चांगली आहेत, फक्त सगळ्यांच्या तोंडाला लसणाचा वास. डब्यात काय आणतात कोण जाणे. पहारेकऱ्याच्या पायाची जुनी जखम भरून आलीय, तो येईल त्याला दाखवतो.
सगळ्यांचा चहा मोठ्या किटलीत, माझा मात्र वेगळ्या पातेल्यात. कशाला त्रास घेता, असं मी ताईंना म्हटलं. सरांनी सांगितलंय, तुम्ही आपला तुमचाच कप घ्या, असं त्या मान वर न करता म्हणाल्या. मनात पाल चुकचुकली.

१३ मार्च
सरांनी सगळ्यांची नखं पाहिली. माझी सगळ्यांत जास्त वेळ. झोप, भूक, केस, सगळं विचारून लिहून घेतलं. मी खोलीत शिरले की बोलणी थांबतात.
नवरा म्हणतो, संशयाला औषध नाही. तो घरी ठमीला मी काढून ठेवलेलं दूध पाजत बसतो, त्याला इथलं काय कळणार. औषध देऊन पाहायला माणूस लागतो, आणि इथं नवीन मीच आहे.

१६ मार्च
ताई फोनवर होत्या. माझा कप बेसिनमध्ये ओतला आणि किटलीतला चहा घेतला. सगळे पितात त्याची कसली भीती? जरा कडवट होता. आता रोज हेच करणार. मी काही दूधखुळी नाही.

४ एप्रिल
अंगठ्याचं नख उभं चिरलं. कंगव्यात केसांचा पुंजका. म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत त्यांनी मला बरंच काही पाजलं. वेळीच सावध झाले म्हणून बरं. आता किटलीतलेच दोन कप घेते.

९ एप्रिल
नवरा म्हणाला, तुझ्या तोंडाला लसणाचा वास येतोय. घरात लसूण नाही.

१० एप्रिल
ताईंनी पाहिलं. किटली माझ्या हातात. त्यांनी ती हिसकावून घेतली. कधीपासून, एवढंच विचारलं. मी सांगितलं.
मग त्यांनी सांगितलं. विटकरी पाणी किटलीत असतं. सगळ्यांनी कबूल होऊन घेतलंय, बाहेर बोलायचं नाही या अटीवर. तुलनेला एक कोरा माणूस हवा होता. त्या जागी ही नवी असू दे, अशी ताईंनीच सरांना गळ घातली. का, तर माझं लेकरू अंगावर पितंय.

१० एप्रिल, संध्याकाळी
घरी आले ती थेट ठमीकडे. झोपली होती. तोंडाशी नाक नेलं. लसूण.
डॉक्टरांना दाखवायला सगळं लिहून काढतेय, बोलता यायचं नाही मला. नवऱ्याला अजून सांगितलं नाही — कसं सांगू —
सरांचा फोन. रागावले नाहीत. ठमीचं वजन विचारलं. दूध तोडू नका म्हणाले, आता इतकं झालंच आहे तर —
ठेवून दिला.
ती उठली. भुकेलीय. रडतेय. मी जवळ घेणार नाही. रड बाई, रड, पण माझं —
थांबली. एवढ्यात कशी —
फ्रीजचं दार. बाटली. तो तिला —