गाडीखालची बोली

बाबा, आज दुपारी जरा डोळा लागला आणि मी पुन्हा आपल्या गाडीखाली होते. पाठीखाली गोणपाट, वर त्या राखी गाडीचं काळंकुट्ट पोट, आणि शेजारी तुम्ही उताणे पडलेले, बनियनवर ग्रीसचे डाग. खिडकीतल्या कूलरची घरघर ऐकू येते आहे आणि वाळ्याचा ओला वास मधूनच रॉकेलच्या वासावर मात करतो आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तिथे खाली मेचा महिना काही संपत नाही.

तीन मालकांनी जुनी करून झाल्यावर ती गाडी धरमपेठेतल्या आपल्या भाड्याच्या घरी आली होती. त्या उन्हाळ्यात तिचं पुढचं चाक खडखडायला लागलं. चाकामागच्या दांड्यातलं रबर बदलायचं होतं, पण त्याचा बोल्ट गंजून असा जाम बसला होता की नट हलेना. मिस्त्री म्हणाला, "गॅसनं कापून टाकू साहेब, पाच मिनिटांचं काम." तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलंत. नेमकं त्याच आठवड्यात मला औरंगाबादच्या कॉलेजातली नोकरी लागली. लग्न न झालेल्या मुलीनं परगावी एकटं राहायचं, हे तुमच्या घशाखाली उतरत नव्हतं. हिंगण्याकडे कारखाने निघताहेत, तिथल्या कचेरीत बघ, असं एकदा सुचवून झालं. मी ऐकत नाही म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "आधी गाडी होऊ दे. मग बोलू."

म्हणजे माझं सगळं पुढचं आयुष्य त्या एका बोल्टाला टांगलेलं. मला इतका संताप आला होता की मी तुमच्याशी बोलणंच सोडलं. पण एका बाजूनं बोल्टाचं डोकं कुणीतरी दुसऱ्या पान्यानं धरून ठेवल्याशिवाय पलीकडचा नट फिरवता येत नव्हता, आणि आईच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. मग रोज संध्याकाळी तुम्ही कचेरीतून आलात की मी अबोल्यासकट गाडीखाली सरकायची. आई पायरीवरून विचारायची, "चहा वर घेता की खालीच पाठवू?"

तिथे खाली तुम्ही निराळेच व्हायचात. घरात तुमचा केवढा कटाक्ष. लहानपणी गल्लीतून मी 'मले' घेऊन आले, तर तुम्ही ताट बाजूला सारून म्हणाला होतात, "मला म्हणायचं. आपल्याला पुढं जायचंय." खाप्याजवळचं आपलं गाव तुम्ही जिभेवरून खरवडून काढलं होतं. आणि तेच तुम्ही बोल्टावर रॉकेलची धार सोडता सोडता त्याला लाडीगोडी लावताय: "ये गा राजा. काहून रुसून राहिला? कोणी मारलं का तुले?" मला हसू यायचं आणि मी ते रागानं गिळून टाकायची. जोर करण्याआधी तुम्ही नट उलटा, आवळायच्या बाजूला, किंचित दाबायचात. आधी त्याच्या मनासारखं करायचं, म्हणायचात, मग आपल्या. कसलीच घाई नसायची. ही घाई नसणं बोल्टासाठी आहे की माझ्यासाठी, ते मला कळत नव्हतं.

एका संध्याकाळी तो हलला. अगदी केसभर, पण माझ्या मनगटाला कळलं. बोल्टाच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही होतात, तुम्हालाही कळलं असणारच. तुम्ही पाना काढून घेतलात आणि म्हणालात, "आज राहू दे." आणि मी, जिला उद्याच्या आगगाडीनं निघायची घाई, तीही माझा पाना खाली ठेवून बाहेर सरकले. मला तिथे बरं वाटायला लागलं होतं, बाबा. एकमेकांची तोंडं दिसत नव्हती म्हणूनही असेल.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पान्याला लोखंडी पाइप लावलात, पण जोर केला नाहीत. आणि मग म्हणालात, "तुले जायचंच हाय का वं?"

मला आधी वाटलं, बोल्टाशीच बोलताय. पण 'वं' मुलीला म्हणतात; ते माझ्यासाठी होतं. त्या बोलीत तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात. मी म्हटलं, "हो बाबा. मला जायचं आहे." एकेक शब्द स्वच्छ, परीक्षेत द्यावं तसं उत्तर. तुम्ही हुं म्हणालात. "मंग धर घट्ट." पाइपवर दोन्ही हात पडले, नट किंचाळला आणि फिरला. गंजाचा भुगा आपल्या दोघांच्या डोळ्यांत गेला, आणि दोघांनी डोळे चोळायला बराच वेळ घेतला.

स्टेशनवर तुम्ही मला त्याच गाडीतून सोडलंत. वाटेत शुद्ध मराठीत पाण्याच्या सुरईबद्दल सूचना केल्यात. पुढे तुम्ही गेलात तोवर प्रत्येक सुट्टीत आपण तसंच बोललो, नीट, व्याकरणाला धरून.

हे पत्र आज मी तुमच्या बोलीत सुरू केलं होतं. 'बाबा, मले' एवढं लिहिलं आणि पुढे शब्दच येईना. मग कागद बदलला. तुम्हाला पत्ता असता, तरी हे मी पोस्टात टाकलं नसतं. तुम्ही तुमच्या भाषेत विचारलं होतंत, आणि मला अजून त्या भाषेत उत्तर देता येत नाही.