कासवाचं नातं

सिंदेवाही, मंगळवार संध्याकाळ

विनोदनं असं करावं?

जंगलगावांतल्या शब्दांचा नकाशा विनोद आणि मी मिळून कम्प्युटरसाठी करतो. दोन शब्दांमध्ये बाण, बाणावर नातं: प्रकार, भाग, नाहीतर वापर. आम्हाला शब्द सांगणाऱ्या कौसाबाईच्या कुळात कासव खात नाहीत. मासोळ्यांच्या जाळ्यात आलेल्या कासवाला तिनं आमच्यासमोर हळद लावून तळ्यात सोडलं. "सोयरा हाये आमचा," म्हणाली. म्हणून 'कासव' आणि 'कुळ' यांच्यामध्ये मी नवं नातं लिहिलं, 'सोयरा'. तिच्या घरी तिला ते वाचून दाखवलं, तेव्हा विनोदनंही मान डोलवली होती.

आज पाहतो तर बाण 'कुळा'वरून उचलून 'अन्ना'वर टेकवलेला. नातं: प्रकार. आणि विनोद काम साहेबांकडे पाठवूनही मोकळा.

"काऊन बदललं?"

"अबे, साहेबाले चौथं नातं नाई पाहिजे. बाकीचे लोकं खातेतच ना?"

"मग तिच्यासमोर मान काऊन डोलवली?"

"तिच्याच घरी जेवून राह्यलो होतो ना!"

हळद लागलेलं ते ओलं कासव डोळ्यांपुढून हलत नाही.

मघाशी कौसाबाईचा फोन आला. "आमचं कासव पोचलं काय जी कम्प्युटरात?"

पोचलं, म्हटलं. ताटात पोचलं, हे माझ्यानं सांगवलं नाही.